विचारलेले आणि ऐकलेले

नवे उत्पादन बाजारात आणताना आपण ग्राहकाचे ऐकतो, असे प्रत्येक कंपनी सांगते, आणि ते बहुतेकदा खोटे नसते. पाहण्या होतात, नमुने वाटले जातात, निवडक ग्राहकांना एकत्र बसवून त्यांच्याशी तासन्‌तास चर्चा होते. माल दुकानात आल्यावर फोन, ईमेल आणि शेऱ्यांचा ढीग जमतो तो वेगळाच. प्रश्न एवढाच की या साऱ्यातून कंपनीचा कोणता निर्णय बदलतो आणि केव्हा बदलतो. ऐकणे मोजायचे तर दुसरे विश्वासाचे माप नाही. त्या मापाने पाहिले तर कंपन्या ऐकतात, पण आपण विचारलेल्या प्रश्नापुरते. न विचारलेले त्यांच्या कानी पडते ते बहुधा विक्री घसरू लागल्यावर.

कोका-कोलाने १९८५ साली हे स्वतःच्या नुकसानीतून अनुभवले. त्याआधी दहा वर्षे अमेरिकेत पेप्सीची एक मोहीम चालू होती. नाव झाकून दोन पेल्यांतली पेये लोकांना चाखायला द्यायची आणि त्यांनी पेप्सी निवडली की ते जाहिरातीत दाखवायचे. कोका-कोलाने उत्तर म्हणून नवी, अधिक गोड चव तयार केली आणि ती सुमारे २ लाख लोकांना चाखायला दिली. जुन्या कोकपेक्षा आणि पेप्सीपेक्षाही नवी चव आवडल्याचे बहुसंख्यांनी सांगितले. २३ एप्रिल १९८५ रोजी नवे कोक जाहीर झाले आणि जुने बंद झाले. पाठोपाठ कंपनीकडे रोज सुमारे दीड हजार संतापलेले फोन येऊ लागले, पत्रांचा पाऊस पडला, आणि ७९ दिवसांनी, ११ जुलैला, ‘कोका-कोला क्लासिक’ या नावाने जुनी चव परत आणावी लागली.

या प्रकरणात कंपनीने ग्राहकाला विचारलेच नाही, असे म्हणता येत नाही. इतके क्वचितच कोणी विचारले असेल. पण विचारलेला प्रश्न ‘यातले कोणते चवीला बरे’ एवढाच होता. एका घोटाला गोड पेय सरस वाटते. अख्खी बाटली संपवताना तोच गोडवा नकोसा होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नवे आले की जुने मिळणार नाही, ही गोष्ट चाखणाऱ्यांसमोर ठेवलेली नव्हती. गटचर्चांमध्ये काही जणांनी अशा बदलाबद्दल राग बोलून दाखवला होता आणि त्यांचे ऐकून शेजारी बसलेल्यांची मतेही फिरली होती. मात्र २ लाखांच्या आकड्यापुढे ती मूठभर माणसे मागे पडली. आकडा मोठा असला की तो कशाबद्दलचा आहे हे विसरायला होते. पुढच्या अनेक कंपन्यांनी हीच चूक नव्या साधनांनी केली.

टाटा नॅनोची गोष्ट महाराष्ट्राच्या अधिक जवळची, आणि अधिक चटका लावणारी. पुण्यात टाटा मोटर्सच्या अभियंत्यांनी घडवलेली ही गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये लोकांसमोर आली. पावसात एकाच स्कूटरवर बसलेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना तिची कल्पना सुचली होती. एक लाखाची किंमत आधी ठरली आणि गाडी त्या किमतीत बसवण्यात आली. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे, एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट, आणि मागचा दरवाजा न उघडणारा. २००९ च्या एप्रिलमध्ये बुकिंग सुरू झाले तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्या सोडत काढून द्याव्या लागल्या. यापेक्षा स्पष्ट कौल कोणत्या कंपनीला मिळणार?

पण तो कौल किमतीला आणि कल्पनेला होता. गाडी हाती आल्यावरचे म्हणणे वेगळे निघाले. सामान ठेवायचे तर मागची सीट पाडून आतून हात घालावा लागे. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. ज्यांच्यासाठी गाडी बनवली त्या दुचाकीवाल्या कुटुंबांना कर्ज सहजी मिळेना. आणि ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हे बिरुद मिरवायला कोणालाच आवडेना. सोसायटीच्या आवारात गाडी उभी करणे हा मध्यमवर्गीय घराच्या आयुष्यातला मानाचा क्षण असतो. त्या क्षणी शेजाऱ्याने ‘स्वस्तातली घेतली का?’ असे विचारावे, हे दुखणे कोणत्याही पाहणीच्या रकान्यात बसणारे नव्हते. स्वस्त म्हणून झालेली ही जाहिरात चुकली, हे पुढे रतन टाटांनी स्वतः मान्य केले.

कंपनी यातले काही तत्काळ ऐकू शकली. नोव्हेंबर २०१० मध्ये महिन्याची विक्री ५०९ गाड्यांवर आली तेव्हा सुरक्षेची जादा साधने विनामूल्य बसवून देणे सुरू झाले, वॉरंटी वाढली, कर्जाची सोय झाली, आणि २०११-१२ मध्ये विक्री ७४ हजारांच्या वर गेली. मात्र पॉवर स्टिअरिंग यायला २०१४ उजाडले आणि मागून उघडणारी डिक्की मिळाली ती मे २०१५ मध्ये, पहिल्या गाडीनंतर सहा वर्षांनी. तोवर गिऱ्हाईक पांगले होते. जून २०१८ मध्ये साणंदच्या कारखान्यातून एकच नॅनो बाहेर पडली.

या उशिराचे कारण निव्वळ हलगर्जीपणात शोधणे अन्यायाचे होईल. गाडीच्या पत्र्याचे साचे बनतात तेव्हा ग्राहकाने ती पाहिलेलीही नसते. साचे, सुटे भाग पुरवणाऱ्यांशी झालेले करार, कारखान्यातली जुळणीची रेषा, हे सारे ठरून गेलेले असते, आणि मागचा दरवाजा उघडा करायचा तर सांगाड्याची मजबुतीच नव्याने हिशोबात घ्यावी लागते. म्हणून माल बाजारात आल्यावर मिळालेल्या अभिप्रायातून किंमत, रंग, वॉरंटी, जाहिरात एवढेच लवकर बदलते. ग्राहकाचा आवाज सर्वांत मोठा असतो नेमका तेव्हाच, जेव्हा त्याने बदलण्याजोगे सर्वांत कमी उरलेले असते.

सॉफ्टवेअरला साचे नसतात, तेव्हा तिथे तरी ऐकणे सोपे असावे असे वाटेल. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ ची चाचणी आवृत्ती २९ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वांसाठी खुली केली. पडद्याच्या कोपऱ्यातले स्टार्टचे बटण त्यात नव्हते, आणि ते परत द्या अशी मागणी लगेच सुरू झाली. कंपनीकडे वापराची मोजणी होती. तिच्यानुसार लोक स्टार्ट मेनू पूर्वीपेक्षा कमी उघडत होते. शिवाय आयपॅड येऊन दोन वर्षे झाली होती आणि बोटाने चालणाऱ्या पडद्यांकडे वळायचे हे वरच्या पातळीवर ठरले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ बटणाशिवायच आले. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परतले, पण मेनू नाही. मेनू परतला तो जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. घरातला मुख्य विजेचा खटका दिवसातून किती वेळा दाबला जातो हे मोजून तो अनावश्यक ठरवावा, तसाच हा हिशोब होता.

याच कंपनीने याच काळात नेमके उलटेही करून दाखवले. २१ मे २०१३ रोजी तिने एक्सबॉक्स वन हे खेळाचे यंत्र जाहीर केले. ते दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटला जोडणे सक्तीचे होते आणि वापरलेले खेळ विकण्यावर, उसने देण्यावर बंधने होती. खेळाडू भडकले. १० जूनला सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४ वर असली बंधने नसतील आणि ते १०० डॉलरने स्वस्त असेल, असे सांगितले. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही नियम मागे घेतले. यंत्र अजून दुकानातही आले नव्हते. कंपनी तीच, ग्राहकांचा संतापही तसाच. पण विंडोजच्या ग्राहकाला सहज जाता येईल असे दुसरे घर नव्हते, आणि एक्सबॉक्सच्या ग्राहकासमोर ते शंभर डॉलर वाचवून उभे होते.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या पुस्तकात हीच मांडणी केली होती. एखादी संस्था घसरू लागली की तिच्याशी जोडलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. आवाजाला वजन येते ते बरेचसे निघून जाण्याच्या शक्यतेमुळे. भारतात मोबाइल कंपनी बदलायची तर पूर्वी नंबर सोडावा लागे, आणि नंबर म्हणजे दुकानदार, रिक्षावाला, डबेवाली यांचा धंदाच. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. त्या एका नियमाने ग्राहकाच्या तक्रारीला जे बळ दिले ते हजार पाहण्यांनी दिले नसते.

पाहण्यांचा आजचा प्रकार तर अधिक काळजी करण्यासारखा आहे. ही वस्तू इतरांना घ्यायला सांगाल का, शून्य ते दहापैकी गुण द्या, हा प्रश्न फ्रेड रायकेल्ड यांनी डिसेंबर २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तून मांडला आणि तो जगभर पसरला. नऊ-दहा देणारे कंपनीचे चाहते, सहा किंवा कमी देणारे नाराज, आणि दोघांच्या टक्केवारीतला फरक म्हणजे कंपनीचा गुणांक. कल्पना साधी आणि उपयोगी होती. पण तो गुणांक कर्मचाऱ्यांच्या पगारवाढीला जोडला गेला आणि तिचा अर्थ पालटला. सर्व्हिस सेंटरमधून गाडी घेऊन निघताना ‘साहेब, उद्या कंपनीतून फोन येईल, तेवढे दहापैकी दहा सांगा’ अशी विनवणी अनेकांनी ऐकलेली असते. विनवणारा पोरगा आपल्या पगारासाठी हात जोडतो. ग्राहक त्याच्याकडे पाहून दहा सांगतो. ब्रेक अजून वाजतच असतो. कंपनीच्या तक्त्यावर मात्र समाधानाची रेषा चढती दिसते. इथे कोणीही खोटारडा नाही, आणि तरीही खरे कोणाच्याच हाती लागत नाही. ऑनलाइन शेऱ्यांची गतही वेगळी नाही. बनावट शेऱ्यांचा इतका सुळसुळाट झाला की भारतीय मानक ब्युरोला नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानक काढावे लागले, आणि तेही ऐच्छिक.

ग्राहकाचे म्हणणे तंतोतंत पाळणे हा यावर उपाय म्हणता येणार नाही. सोनीच्या अकिओ मोरिता यांनी १९७९ मध्ये वॉकमन आणला तो बाजाराची पाहणी न करता. ज्यात ध्वनिमुद्रण होत नाही असा टेपरेकॉर्डर कोणी मागितला नव्हता. क्लेटन ख्रिस्तेन्सेन यांनी १९९७ मध्ये संगणकाच्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास मांडून दाखवले की मोठ्या ग्राहकांच्या मागण्या निष्ठेने पुरवत राहिलेल्या कंपन्याच पुढच्या बदलात बुडाल्या. ग्राहक आपली अडचण अचूक सांगतो. त्यावरचा इलाज त्याला ठाऊक असेलच असे नाही. विंडोज वापरणाऱ्यांना जुना मेनूच हवा होता की हरवलेली वाट, हे शोधणे कंपनीचे काम होते. अडचण नाकारणे मात्र तिच्या अधिकारात नव्हते.

शिवाय प्रत्येक पाहणीत एक माणूस मुळातच नसतो: ज्याने माल घेतलाच नाही तो. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा विकायला सुरुवात केली तेव्हा सर्फ हीच धुण्याच्या पावडरीची ओळख होती. सर्फ घेणारे समाधानी होते, त्यांना विचारले असते तर त्यांनी तसेच सांगितले असते. वडीच्या साबणाने कपडे घासणाऱ्या बाईला सर्फ परवडत नाही हे सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरला तिच्या तोंडून कळणे शक्य नव्हते, कारण ती कंपनीची ग्राहकच नव्हती. ते कळले निरमाच्या खपातून, आणि उत्तर म्हणून व्हील ही स्वस्त पावडर यायला ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

कायद्याची मदत आहे, पण तिला मर्यादा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा सदोष मालाची भरपाई मिळवून देतात. बेतलेली वस्तू लोकांच्या गरजेला धरून नाही, हा दोष त्यांच्या व्याख्येत येत नाही. त्या गरजेसाठी ग्राहकाला खरेदीच्या आधीच एकत्र यावे लागते. महाराष्ट्रात हा प्रयोग कायद्याच्याही आधी झाला. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, संस्थेने माल पारखून घाऊक खरेदी करून घरांपर्यंत पोचवायचा, अशी तिची वितरणाची पद्धत. तांदळात खडे निघाले तर ते कळते पुढच्या महिन्याची खरेदी ठरवणाऱ्यांनाच, आणि व्यापाऱ्याला ते ऐकावे लागते.