काटा आणि धर्मादाय

राजगुरुनगर

चि. मृण्मयीस,


नोकरी लागल्याचं तुझ्या आवाजावरूनच कळलं होतं. परदेशी कंपनी, चाकणचा कारखाना, आणि काम सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागात. ‘आत्या, तू शाळेसाठी इतक्या कंपन्यांकडून मदत आणलीस, मग सांग ना, पहिल्या वर्षी मी काय करू?’ असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यं बोलले. उरलेलं लिहून पाठवते, कारण ते सावकाश वाचण्यासारखं आहे.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, सांगलीच्या हळदबाजारात एका अडत दुकानी दिवाणजी होते. शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडायची तिच्यात अडत, हमाली, तोलाई वजा होत होत शेवटी एक ओळ यायची : धर्मादाय. रक्कम पैशांत असायची. पण वर्षभराच्या पट्ट्यांची मिळून जी रक्कम व्हायची त्यातून पाणपोई चालायची, धर्मशाळेची खोली व्हायची, आणि फलकावर दुकानाचं नाव लागायचं. आजोबांचा धर्मादायावर राग नव्हता. पाणपोईचं पाणी तहानलेल्यालाच मिळतं, म्हणायचे. मात्र दुकानात नवा पोरगा लागला की त्याला पट्टी लिहायला ते नंतर शिकवत. आधी काट्यापाशी उभा करत आणि पारडी रिकामी असताना काटा कुठे थांबतो ते बघायला सांगत.

तुझी नोकरी त्या शेवटच्या ओळीची आहे. कंपनी कायद्याचं कलम १३५ तुला आता पाठच झालं असेल. नेट वर्थ ५०० कोटी, नाहीतर उलाढाल १,००० कोटी, नाहीतर निव्वळ नफा ५ कोटी. यातलं एक जरी लागू झालं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. परदेशी कंपनीची इथली शाखाही त्यातून सुटत नाही. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असंही कायदा सांगतो. म्हणून तर चाकण परिसरातल्या शाळांना नवे वर्ग मिळाले आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या शाळा वाट बघत राहिल्या. पण ते दुखणं वेगळं, त्यावर पुन्हा कधीतरी.

मला सांगायचंय ते नियमांतल्या एका यादीबद्दल. सीएसआर कशाला म्हणायचं नाही, याची ती यादी आहे. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात येणारं काम त्यात धरायचं नाही. कंपनीच्या कामगारांच्याच फायद्याचं काम धरायचं नाही. दुसऱ्या कायद्याने जे करणं भागच आहे, तेही नाही. हे रास्तच आहे, एरवी कंपन्या कॅन्टीनची रंगरंगोटीसुद्धा २ टक्क्यांत घालतील. पण या यादीमुळे नकळत एक सवय लागली. कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हटलं की ती फाटकाबाहेर सुरू होते असं सगळे धरून चालतात. फाटकाच्या आत, आणि आतला माल जिथून येतो तिथे काय चाललंय, हे विचारणं सीएसआरवाल्याचं कामच नाही, असं होऊन बसतं.

आता माझी एक गोष्ट सांगते. घरात मी ती फारशी बोललेली नाही.

मी मुख्याध्यापिका होते तेव्हा आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका मोठ्या कंपनीने डिजिटल वर्ग दिला. पडदा, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर, वीस टॅब. अर्ज मीच लिहिला होता आणि हेलपाटेही मीच घातले होते. पहिल्या दिवशी पडद्यावर धडधडणारं हृदय बघून सहावीची पोरं एकदम गप्प झाली. ती शांतता मला अजून ऐकू येते. त्या वर्गाने मुलांचं भलंच केलं.

आमच्याच शाळेतून सातवी करून गेलेला एक मुलगा तोवर एका गाळ्यात पॉवर प्रेसवर लागला होता. आईबाप बीडकडचे, ऊसतोड सोडून इकडे आलेले. त्याचं वय एकोणीस. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, प्रेस खाली येते, तुकडा काढायचा, पुढचा ठेवायचा, पाळीभर हेच. नीट मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय प्रेस उतरत नाही. पुढे सेन्सर असतो, हात आत असला की मशीन थांबतं. या मशीनला पायाचं पेडल बसवलं होतं, कारण पेडलवर पीस जास्त निघतात. सेन्सर नव्हताच. डबल ड्युटी संपता संपता, पहाटे, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी दवाखान्यात गेले तेव्हा तो बोटांबद्दल बोलत नव्हता. ठेकेदार महिन्याचा पगार देईल ना, एवढंच विचारत होता. त्याच्या आईने पिशवीतून ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड काढून माझ्या हातात दिलं. नोंदणीची तारीख अपघाताच्या दिवसाची होती. त्या गाळ्यात तो नऊ महिने काम करत होता. मग बोलता बोलता त्याने सांगितलं की ते तुकडे कुठे जातात हे त्याला ठाऊक आहे, खोक्यावरच्या चिठ्ठीवर नाव असतं. तेच नाव माझ्या डिजिटल वर्गाच्या दारावर होतं.

त्या कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात मी मुलांची सहल नेली होती. जमिनीवर पिवळे पट्टे, मशीनभोवती जाळी, जाळीचं दार उघडलं की यंत्र आपोआप बंद. काय करायला हवं हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. सात-आठ किलोमीटरवरच्या गाळ्यापर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं. गाळ्याच्या मालकालाही मी भेटले. तो घाबरलेला होता. वरून दरवर्षी सांगणं यायचं की तोच पीस आदल्या वर्षीपेक्षा कमी भावात द्या. त्या भावात सेन्सर बसत नव्हता.

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तो फलक वाचला आणि गप्प बसले. पुढच्या वर्षी स्वच्छतागृहाचा प्रस्ताव त्याच कंपनीकडे द्यायचा होता. मृण्मयी, त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं. तुला एवढं लांबलचक लिहितेय ते त्याचसाठी.

मग कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांबद्दल मी वाचायला लागले. २०१३ सालाशी येऊन थांबले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे पाच कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडल्या, तेव्हा खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिवणकाम करणाऱ्या बायका-पुरुषांना मात्र दुसऱ्या सकाळी कामावर उभं केलं. १,१३४ जीव गेले. तिथे शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जात होते. त्या कंपन्यांकडे आचारसंहिता होत्या आणि तपासण्याही झाल्या होत्या, पण इमारत उभी राहील का हे बघणं त्या तपासणीत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात, मे २०१३ मध्ये, जागतिक कामगार संघटना आणि कपड्यांच्या ब्रँडांमध्ये एक करार झाला. त्याला ‘बांगलादेश अ‍ॅकॉर्ड’ म्हणतात. दोनशेहून जास्त ब्रँड त्यात आले. तो देणगीचा करार नव्हता. स्वतंत्र अभियंते कारखाने तपासणार, अहवाल सगळ्यांना वाचता येतील असे प्रसिद्ध होणार, दुरुस्तीला पैसा पुरेल अशी सोय ब्रँडने करायची, आणि शब्द पाळला नाही तर लवादापुढे उभं राहायचं. खरंच तसं झालं. कामगार संघटनांनी हेगला दाद मागितली आणि २०१८ मध्ये एका ब्रँडने २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांनी मात्र इतकं बांधून घ्यायला नकार दिला आणि आपला वेगळा, ढिला गट काढला.

त्याच २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे कंपनी कायदा मंजूर झाला आणि २ टक्के आले. म्हणजे एकाच वर्षात एकीकडे काटा तपासायला सुरुवात झाली आणि दुसरीकडे आपण धर्मादायाची ओळ सक्तीची केली. दोन्हीची गरज होती. पण आपण एकावरच थांबलो.

युरोपात कुणी कंपनीकडे २ टक्के मागत नाही. शाळा-दवाखाने तिथे करातून चालतात, म्हणून लोक दुसरं काही विचारतात. फ्रान्सने २०१७ मध्ये दक्षता कायदा केला. आपल्या उपकंपन्यांत आणि पुरवठादारांकडे माणसांना, निसर्गाला कुठे इजा होऊ शकते आणि ती टाळायला काय केलं, हे मोठ्या कंपनीने लिहून द्यायचं, नाहीतर कोर्टात जाता येतं. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच निर्देश काढला, आणि २०२५ मध्ये तो सैल करायची तयारीही सुरू केली. तेव्हा तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नकोस. आपल्याकडे सेबी पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांकडून धंद्यातल्या जबाबदारीचा अहवाल मागते, पण बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या इथल्या बऱ्याच उपकंपन्या प्रायव्हेट लिमिटेड असतात. तुझीही आहे. तिला तो लागू नाही.

म्हणून पहिल्या महिन्यात एक काम कर. तुमच्या युरोपातल्या मुख्य कचेरीचा शाश्वततेचा अहवाल काढ आणि इथल्या सीएसआरचा अहवाल त्याच्या शेजारी ठेव. तिकडच्यात पुरवठादारांवर एक अख्खं प्रकरण सापडेल. तक्रार कुठे करायची तेही दिलेलं असेल. इथल्यात शाळा, झाडं, आरोग्य शिबिरं आणि फोटो असतील. तो तक्रारीचा पत्ता तुमच्या चाकणच्या पुरवठादारांच्या गाळ्यांत मराठीत आणि हिंदीत लावलाय का, ते बघून ये. नसेल तर लावायला २ टक्क्यांतला एक रुपयाही लागत नाही.

आणि परचेस विभागातल्या लोकांशी ओळख वाढव, त्यांच्याबरोबर जेवायला बस. पीसचा भाव तिथे ठरतो. भाव ठरवताना गार्ड आणि सेन्सरचा खर्च धरला होता का, एवढं विचारत जा. पहिल्यांदा कुणी उत्तर देणार नाही. सीएसआरवालीने इकडे कशाला लक्ष घालायचं, असंही म्हणतील. तरी विचार. शाळांचं काम मात्र सोडू नकोस. ते मनापासून कर, आमच्या पोरांना त्याची गरज आहे.

रविवारी इकडे ये. तो मुलगा आता एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन आहे. ड्युटी सुटली की सकाळी माझ्याकडे चहाला येतो. तू येणार असं त्याला सांगून ठेवलंय. डाव्या हाताने तो प्रेसचं चित्र काढून दाखवतो, पेडल कुठे होतं, सेन्सर कुठे बसायला हवा होता, सगळं. वही घेऊन ये.

तुझी,
आत्या