दुसऱ्यांदा कार्ड घालताना

जून 2022 मध्ये नागपूरजवळच्या खापरखेड्यात एका एटीएममधून पाचशे रुपये मागणाऱ्याच्या हाती पाचशेच्या पाच नोटा आल्या. शंभराच्या कप्प्यात पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या होत्या. यंत्र आपल्या परीने बरोबरच मोजत होतं. त्या माणसाने पुन्हा पाचशे मागितले, पुन्हा अडीच हजार आले. बातमी गावभर झाली, गर्दी उसळली. अखेर पोलिसांनी येऊन एटीएम बंद केलं.

पहिल्या खेपेला त्याच्याकडून काहीच वावगं घडलं नव्हतं. दुसऱ्यांदा कार्ड घातलं तेव्हा मात्र त्याला काहीतरी ठाऊक होतं. आणि मागे धावत आलेल्यांना सगळंच ठाऊक होतं!

कायद्याचं बोट नेमकं या ठाऊक असण्यावर येतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 72 म्हणतं, चुकून मिळालेले पैसे किंवा वस्तू परत केलीच पाहिजे. देणारा निष्काळजी होता का, हे ते कलम विचारत नाही. चूक कळूनही अप्रामाणिक हेतूने ते पैसे पचवले, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 लागू शकतं. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

दुकानातल्या किमतीचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं. फळीवरची चिठ्ठी हा करार नव्हे. गल्ल्यावर दुकानदार ‘ही किंमत चुकली’ म्हणू शकतो. सौदा झाल्यावर काय? सिंगापूरमध्ये 3,854 डॉलरचा प्रिंटर संकेतस्थळावर 66 डॉलरला दिसला, तेव्हा सहा जणांनी मिळून 1,606 प्रिंटर मागवले. न्यायालयाने 2004 मध्ये त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं, कारण ही चूक आहे हे त्यांना कळलंच होतं. उलट ओडिशातल्या एका विद्यार्थ्याला 2014 मध्ये अ‍ॅमेझॉनवर 190 रुपयांत लॅपटॉप दिसला, त्याने मागवला आणि कंपनीने ऑर्डर रद्द केली. 2021 मध्ये राज्य ग्राहक आयोगाने कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. निकाल परस्परविरोधी वाटतात खरे; पण एक लॅपटॉप आणि सोळाशे प्रिंटर यांतला फरक समजायला वकील लागत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात ‘चुकून आलेलं परत करा’ हा उपदेश ऐकून कुणी म्हणेल, ‘आम्हाला काय शिकवता?’ त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. मोहफुलं शेर-पायलीने मोजून देणाऱ्या, सत्तर-सत्तर पानांचे तेंदूचे पुडे बांधणाऱ्या माणसांनी काट्याच्या चुका पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत, आणि त्या चुका बहुधा घेणाऱ्याच्याच बाजूला झुकतात. मग एखाद्या दिवशी दुकानाच्या गल्ल्यावरून शंभराऐवजी पाचशेची नोट परत आली, तर ‘चला, थोडी वसुली झाली’ असं मनात येणं अगदी माणसाचं आहे.

फक्त ही वसुली चुकीच्या माणसाकडून होते. संध्याकाळी गल्ला जुळला नाही की शेठ स्वतःच्या खिशात हात घालत नाही. तूट गल्ल्यावर बसणाऱ्या पोराच्या पगारातून कापली जाते. हिशेबाची जबाबदारी असलेल्या नोकराच्या हलगर्जीने पैसा गेला, तर अशी कपात करायला वेतनाचा कायदाही वाट ठेवतो. ते पोर बहुतेक शेजारच्याच गावचं असतं. मोठ्या कंपनीला चारशे रुपये जाणवत नाहीत हे खरं, पण खापरखेड्यातल्या त्या चुकीच्या कप्प्यामागेही नोटा भरणारा कुणीतरी होता, आणि पहिला जाब त्यालाच विचारला गेला असणार.

ज्या शेठचा काटा खरोखर खोटा आहे, त्याच्याशी हिशेब जरूर करावा. त्यासाठी जिल्ह्यात वैधमापन निरीक्षक आहे, छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रारही त्याच्याकडेच होते. तिथे अर्ज द्यायला वेळ लागतो, खेटे पडतात, आणि सही करून आपलं नाव पुढे करावं लागतं. गल्ल्यावरच्या पोराकडून वसुली करताना यातलं काहीच करावं लागत नाही.