सवलत की न्याय?



दहावीच्या परीक्षेत डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिकही मिळतो. आता तर संगणक आणि मोबाइलही मजकूर वाचून दाखवतात. ‘मग आमच्या मुलांनी काय पाप केलं?’ असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये.

असमानांना समान वाटणे हाही अन्यायच, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. पण आधी विचारायला हवे, परीक्षा कशाची? इतिहासाच्या पेपरात मुलाला शिवकाल समजला का, हे आपण तपासतो. अक्षरे ओळखण्याचा वेग नव्हे. तिथे वाचून दाखवणारे यंत्र म्हणजे चष्माच. मात्र परीक्षा वाचनाचीच असेल, तर तेच यंत्र मुलाचे काम स्वतः करून टाकते. तिथे पालकांची तक्रार मला खरी वाटते.

लुई ब्रेलने १८२४ साली, पंधराव्या वर्षी, ठिपक्यांची लिपी तयार केली. (चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हा माणूस, आपल्या गायकवृंदाने ध्यानात ठेवावे!) पॅरिसच्या त्याच्याच अंधशाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. तो १८५२ मध्येच वारला होता.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. तरीही प्रमाणपत्र काढायला घरचेच कचरतात. उद्या लग्न जमवताना अडचण नको, म्हणून! तोवर ते मूल वर्गात रोज ‘आळशी’ म्हणवून घेते. परीक्षेचे अर्ज भरण्याआधी शाळेत चौकशी करा. कागदपत्रांसाठी माझ्याकडे आलात तरी चालेल.