आत हाडं आहेत

पॉम्पेईच्या रस्त्यांवर चाकोरी हा शब्द अक्षरशः पायाखाली येतो. गाड्यांच्या चाकांनी दगडात पाडलेल्या त्या खोल चरांत पाय घालत धाकटा मजेत चालला होता. सगळं सहलीसारखंच. मग आम्ही ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ म्हणतात तिथे पोहोचलो. काचेपलीकडे तेरा माणसं पडलेली, त्यांत लहान मुलंही. धाकटा बिचकला तेव्हा मी चटकन म्हणालो, “अरे, पुतळे आहेत ते.” आणि फोटोसाठी त्याला काचेपुढे उभं केलं.

पुतळे नव्हेत ते. इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली माणसं गाडली गेली. राख घट्ट झाली, देह कुजले, आत माणसाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेलीने अशा पोकळ्यांत पातळ प्लॅस्टर ओतायला सुरुवात केली. पण हाडं तिथेच होती, ती प्लॅस्टरच्या आत राहिली. मी मुलाला उभं केलं होतं ते प्रेतांपुढे. गावी कुणाच्या मयताला मी खिशातला फोन बाहेरही काढत नाही.

आई मात्र हात जोडून उभी होती. “यांचे दिवस कुणी घातले असतील का रे?” तिने विचारलं. इतिहासाची एवढी पुस्तकं वाचून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तिला मी पॉम्पेईतल्याच एका घरातली गोष्ट सांगितली. तिथे हातात सोन्याचं कडं असलेली एक व्यक्ती आणि जवळ एक लहान मूल सापडलं. कडं आणि मूल म्हणजे आईच, असं सगळे वर्षानुवर्षं धरून चालले. २०२४मध्ये हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती व्यक्ती पुरुष निघाली आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो, हे कबूल करतो. जणू माझी हळहळ कुणी फसवून काढून घेतली होती! हळहळायलाही आपल्याला आधी नातं लागतं. दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या संग्रहालयात तेच झालं. पॉम्पेईत १९३८मध्ये सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती तिथे आहे. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्यात, एवढं कळताच आम्ही सगळे त्या काचेपाशी गोळा झालो. बाकीची दालनं पळत पाहिली.

आईच्या डोक्यात मात्र अजून ते मूलच होतं. परतताना गाडीत ती म्हणाली, “आई नव्हती, तर मग त्या पोराजवळ कोण होतं?”

“माहीत नाही. कुणीतरी परका माणूस.”

“पण होता ना,” ती म्हणाली, आणि मांडीवर झोपलेल्या धाकट्याचं डोकं तिने जरा वर घेतलं.