दूध बाधणाऱ्यांची बाजू

दूध बाधते असे कोणी म्हटले की घरातली मोठी माणसे त्याच्याकडे जरा नाराजीनेच पाहतात. दूध पूर्णान्न, तेव्हा ते न सोसणाऱ्या पोटातच काहीतरी खोट असणार, हा पक्का समज. हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा पोरगा आईच्या आग्रहाखातर पेलाभर दूध पिऊन निघतो आणि नऊ-दहाच्या सुमारास पोट धरून बसतो, तेव्हाही बोल पोटालाच लागतो. मला हा न्याय उलटा वाटतो.

दुधात पाच टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज ही साखर असते. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. आईच्या दुधात ही साखर आणखी जास्त, सुमारे सात टक्के. पण तान्ह्या बाळाजवळ विकरही भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यावर जगातल्या साधारण तीनपैकी दोन माणसांत ते हळूहळू ओसरते. मग न फुटलेली साखर पाणी ओढत मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो, पोट गुडगुडते. मोठेपणीही हे विकर टिकवणारा एक जनुकीय बदल आहे. 2011 च्या सुमारास देशभरातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासले गेले, तेव्हा तो पाचातल्या एकाहूनही कमी जणांत आढळला. वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे विरळ. तेव्हा दूध बाधणारा माणूस आजारी नाही, तो बहुसंख्यांपैकीच आहे. त्यातही जेवणासोबत कपभर दूध बहुतेकांना चालते. रिकाम्या पोटी मोठा पेला रिचवला की त्रास. (दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हे प्रकरण वेगळे; तिथे थोडेही चालत नाही.)

आपल्या भागातल्या जुन्या घरांनी हे प्रयोगशाळेशिवाय ओळखले होते असे मी मानतो. नागपूर-वर्ध्याची गवळाऊ गाय मुळात कामाच्या बैलांसाठी सांभाळलेली, दूध बेताचे. जे येई ते लेकरांना, चहाला, आणि उरलेले विरजणाला. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण कालवून भांडे झाकून ठेवायचे. सकाळी दही रवीने घुसळायचे, गार पाण्याचा हबका मारला की लोणी वर येते. या साध्या कामात बरेच घडते. दही लागताना जिवाणू साखरेचा पाव-एक हिस्सा खाऊन टाकतात आणि आपले विकर घेऊन आपल्या पोटात उतरतात, म्हणून उरलेली साखरही तिथे फुटते. ताकात पाणी पडल्याने ती आणखी विरळ होते. लोणी कढवून तूप केले की ती जवळजवळ नाहीशीच होते. वैशाखात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा जिरे-मीठ घातलेले ताक, गोळाभातावरची कढी, ताकातल्या कण्या हेच पोटाला मानवते. ताक विकायची रीतही नव्हती. शेजारची पोर तांब्या घेऊन आली की भरून द्यायचे.

आज उलटे झाले आहे. ताक गरिबाचे ठरले आणि चॉकलेटी पावडर घातलेला दुधाचा पेला प्रतिष्ठेचा. खव्याचेही तसेच: दूध आटवताना पाणी उडते, साखर जागीच राहते. संत्रा बर्फीचे तीन-चार तुकडे खाऊन पोट बिघडले की आपण तुपाच्या नावाने खडे फोडतो.

पण बाधते म्हणून दूधदुभते पार टाकून देण्याची जी नवी लाट आहे, तीही मला पटत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. वाटीभर दह्यातून त्यातला चांगला वाटा येतो. दही-ताकही नको असेल तर तीळ आणि पालेभाज्या नेमाने खाव्या लागतील, अधूनमधून नव्हे.

सर्वांत जास्त काळजी मुलांची वाटते. पावसाळ्यात जुलाबाने लेकरू खंगते, आतड्याचे अस्तर दुखावते आणि विकर काही काळ कमी पडते. नेमके तेव्हाच ताकद यावी म्हणून त्याला दूध पाजले जाते. दुधाने जुलाब पुन्हा सुरू होत असतील तर थोड्या मोठ्या मुलाला काही दिवस दहीभात द्यावा. अंगावर पिणाऱ्याचे पाजणे मात्र थांबवू नये. शौचात रक्त दिसले किंवा वजन घटू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.