चौकटीबाहेरचे वासरू

शाहूवाडी तालुक्यातल्या आंबा गावाभोवतीचे जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यातल्या एका पहाटे आम्ही तिघे मित्र कॅमेरे घेऊन तिथे गेलो होतो. जीप गावातल्याच एका वयस्क माणसाची होती. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो.

वळणावर गव्यांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला. काळीभोर अंगे आणि पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मामांनी जीप थांबवली. कळप पलीकडच्या झाडीत शिरला, पण एक मादी मात्र रस्त्याच्या कडेला थांबली आणि वळून थेट आमच्याकडे पाहू लागली. आम्ही भराभर फोटो काढू लागलो.

मामा हळूच म्हणाले, "सायेब, वासरू अलीकडंच ऱ्हायलंय. गाडी मागं घेतो."

आम्ही म्हणालो, "मामा, दोनच मिनिटं."

ती दोन मिनिटे आजही आमच्या मनातून जात नाहीत. वासरू झाडीच्या कडेने पुढे यायचे, जीप पाहून बिचकायचे आणि परत फिरायचे. आई नाकाने फुरफुरत होती. शेवटी मामांनी आम्हाला न विचारताच जीप मागे घेतली. वासरू धावत पलीकडे गेले आणि दोघे दिसेनासे झाले.

फोटो उत्तम आला. गव्याच्या डोळ्यांत काय धिटाई आहे, असे सगळे म्हणत. आमच्यापैकी एकाने तो मोठा करून दिवाणखान्यात लावला. त्याच्या घरी एक वृद्ध चाचा आहेत. सजीवांची तसवीर काढू नये, या जुन्या मताचे. हजच्या पासपोर्टसाठी लागला तेवढाच फोटो त्यांनी आयुष्यात काढून घेतला. त्यांच्या या हट्टाला आम्ही नेहमी हसत आलो. चाचांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, "बेटा, ही तिथं थांबली का होती?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही ज्याला धिटाई समजत होतो, ती एका आईची अडवणूक होती. आणि ती आम्हीच केली होती.

वासराला इजा झाली नाही. मग आमच्या हातून काही चुकले का? आपण मांस घेताना फक्त जनावर कोणते, एवढेच पाहत नाही. ते कसे मिळवले, सुरी कशी फिरली, हेही विचारतो. फोटोच्या बाबतीत मात्र तो कसा मिळाला, हे कोणी विचारत नाही. तसवीर जायज की नाजायज, यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद झाले. पण त्या वादात जनावराची बाजू कोणी मांडली नाही.

ती बाजू आपल्या परंपरेत नाही असे नाही. एहराम बांधलेल्या हाजीला जमिनीवरची शिकार मना आहे, आणि शिकाऱ्याला सावज दाखवून देणेही मना आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर जनावराला बिचकवून जागेवरून उठवण्याचीही मनाई आहे. म्हणजे रक्त सांडले नाही तरी गुन्हा घडू शकतो, हे तिथे मान्य केलेले आहे. सह्याद्रीतल्या देवराईत काडीही न मोडण्याचा जो रिवाज आहे, त्यामागची समजही यापासून फार दूर नाही. आपल्या देशाच्या 1972 च्या वन्यजीव कायद्यातही शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याला हाकणे येते.

9 डिसेंबर 2020 रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. त्याच्यामागे माणसांची झुंड धावली, अनेकांच्या हातांत मोबाईल होते. बेशुद्ध करून पकडल्यावर तो त्याच दिवशी मेला. त्या गर्दीत कोणालाही तो मरावा असे वाटत नव्हते. ज्याला त्याला फक्त त्याला पाहायचे होते. आम्हालाही आंब्याला फक्त पाहायचेच होते.

म्हणून कॅमेरा घरी ठेवावा, असे आम्हाला वाटत नाही. 2018 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाचा फोटो मिळाला, तो झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला. तिथे माणूस हजरच नव्हता. वाघ आपल्या वाटेने गेला आणि या डोंगरात तो आहे, हे जगाला कळले. त्या फोटोने कोणाची वाट अडवली नाही.

आम्हाला आता हीच कसोटी पुरेशी वाटते. आपण तिथे नसतो, तर हे जनावर आता कुठे असते? उत्तर 'इथेच' असेल, तर फोटो खुशाल काढावा. नसेल, तर गाडी मागे घ्यावी. मामांना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांनी वासरू पाहिले होते, आम्ही फक्त चौकट पाहत होतो.

तो फोटो अजून भिंतीवर आहे. उतरवावा असे वाटले होते, पण चाचांनीच नको म्हटले. कोणी त्याची तारीफ केली की चौकटीबाहेरच्या वासराची हकीकत सांगायची, असे आम्ही ठरवले आहे. सांगताना दर वेळी थोडी शरम वाटते. वाटायलाच हवी.