उगारलेला घण : बुटक्यांच्या निर्मात्या देवाविषयी

मिथकांतील निर्मात्या देवांचा विचार करताना शब्दाने निर्माण करणारा देव आणि हाताने घडवणारा देव असा भेद करणे उपयुक्त ठरते. शब्दाने निर्माण करणाऱ्याला सहसा कोणी जाब विचारीत नाही. हाताने घडवणाऱ्यामागे मात्र साहित्य कोठून आणले, परवानगी कोणाची होती, घडलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, असे प्रश्न लागलेले असतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विश्वकर्म्याच्या सूक्तातही कवीला कुतूहल आहे ते ज्यातून द्यावापृथिवी तासून काढल्या त्या लाकडाचे, त्या वृक्षाचे. हा प्रश्न सुताराला विचारण्याचा आहे. त्याची नैतिक बाजू जे. आर. आर. टॉल्किन यांनी रचलेल्या बुटक्यांच्या उत्पत्तिकथेत विलक्षण तीव्रतेने प्रकट झाली आहे. टॉल्किन यांच्या निधनानंतर (१९७३) त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेल्या ‘सिल्मरिलियन’ (१९७७) या ग्रंथात ती येते. अद्भुतरम्य म्हणून बाजूला सारावी अशी ही कथा नव्हे.

कथेचा गाभा थोडक्यात असा. इलूवतार हा परमनिर्माता. त्याने कल्पिलेली लेकरे, म्हणजे एल्व्ह आणि मानव, अद्याप जागी व्हायची आहेत. औले हा त्याच्या अधीन असलेला कारागीर देव. आपली विद्या शिकवायला कोणीतरी शिष्य हवेत या अधीरतेतून तो डोंगराखालच्या दालनात गुपचूप बुटक्यांचे सात आदिपुरुष घडवतो आणि त्यांच्यासाठी स्वतः रचलेली भाषा त्यांना शिकवू लागतो. इलूवतार त्याला हटकतो : तुझे लक्ष जाईल तेव्हाच हे हलतील, लक्ष दुसरीकडे वळले की निश्चल उभे राहतील, हेच तुला हवे होते काय? औले आपला अपराध मान्य करतो, बाप करतो ते मूल खेळात करते तसे हे झाले असे सांगतो आणि रडत रडत घण उचलतो. त्या क्षणी बुटके मागे सरतात, माना लववून दयेची याचना करतात. इलूवतार औलेला थांबवतो. त्याने त्यांना आधीच स्वीकारलेले आहे. त्यांना स्वतःचे जीवित नसते, तर ती घणाला भ्यालीच नसती.

सामान्यतः हा प्रसंग औलेच्या विनयाचा म्हणून वाचला जातो. ते वाचन चूक नाही, पण अपुरे आहे. घण उगारला गेला तेव्हा बुटके सजीव होते आणि औलेला ते ठाऊक नव्हते. आपली निर्मिती केव्हा ‘दुसरी’ झाली, हे निर्मात्याला आतून कळत नाही. तिच्या प्रतिकारातूनच ते त्याला कळते. म्हणजे मोडण्याचा त्याचा अधिकार, तो संपल्याचे त्याला कळण्यापूर्वीच संपलेला असतो. या कथेतील खरी नैतिक अडचण येथे आहे.

श्रियाळ-चांगुणेच्या आख्यानाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. अतिथिरूपातील शिवाच्या मागणीवरून चांगुणा पोटच्या चिलयाचे मस्तक उखळात कांडते, आणि तेही डोळ्यांत पाणी येऊ न देता. चिलया स्वतःच संमती देतो. त्या संमतीमुळे मुलाचे भय कथेबाहेर जाते आणि कसोटी उरते ती केवळ आईबापांच्या भक्तीची. टॉल्किन यांनी निर्मात्याला रडू दिले, आणि घडलेल्याला भिऊ दिले. त्या भयालाच त्यांनी पुरावा मानले. आपल्या आख्यानापेक्षा ही कथा येथे पुढे जाते, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या परंपरेने ही अडचण विधीने सोडवली आहे. बोदवडच्या परिसरात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. घडवताना तडकलेली भुलाबाई कुंभार निःशंकपणे पुन्हा चिखलात मिसळू शकतो. मांडून पुजल्यावर मात्र तिला विसर्जनाचाच मार्ग मोकळा असतो. देवळातील मूर्तीच्या बाबतीत ही रेषा प्राणप्रतिष्ठा आणि नेत्रोन्मीलन अधिक ठळकपणे आखतात. घडवणारा एक, प्राण घालणारा दुसरा, आणि तो क्षण सर्वांसमक्ष ठरलेला. औलेच्या दालनात असा मुहूर्त नाही, म्हणून त्याचा हात चुकू शकतो. (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील मोरॅडिन हा बुटक्यांचा देव धातू आणि रत्नांतून आपली प्रजा घडवतो, त्याला कोणाला विचारावे लागत नाही. त्यामुळेच तो अधिक समर्थ आणि अधिक नीरस आहे.)

लेखकापाशीही असा मुहूर्त नसतो. तुकारामांची वह्या बुडवल्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. शूद्राला हा अर्थ बोलण्याचा अधिकार नाही, असा आक्षेप आला. तुकारामांनी स्वतःच्या हाताने वह्या इंद्रायणीत सोडल्या. परंपरा सांगते की तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. अनधिकृत निर्मिती, वरून आलेला जाब, निर्मात्याने स्वतः केलेला विनाश आणि निर्मितीचे वाचणे, असे चारही घटक दोन्ही कथांत आहेत. फरक महत्त्वाचा आहे. औलेला जाब विचारणारा आणि क्षमा करणारा एकच. तुकारामांच्या कथेत जाब रामेश्वरभट्टांचा आहे आणि निवाडा विठ्ठलाचा. शिवाय अभंग तोवर लोकांच्या मुखी रुळलेले होते. साहित्यकृतीची स्वायत्तता ही आपल्याकडे बहुधा सौंदर्यशास्त्रीय कल्पना म्हणून चर्चिली जाते; या कथांत ती अधिकाराच्या प्रश्नातून निर्माण होते, आणि तिची किंमत कोणी मोजली तेही त्या सांगतात.

मग औलेच्या कथेत किंमत कोणी मोजली? बुटके वाचले, परंतु एल्व्हांच्या आधी त्यांना जगात वावरता येणार नाही; त्यांना पुन्हा दगडाखाली झोपवले गेले. कारागिराच्या लेकरांनी ज्येष्ठांच्या मागे उभे राहावे, ही व्यवस्था ज्याने ‘गावगाडा’ वाचला आहे त्याला अपरिचित वाटणार नाही. कथा सांगणारे कोण हेही विसरून चालत नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्याला ग्रंथांत बौद्ध चैत्यगृह म्हणतात. त्याच्या छताला लाकडी फासळ्यांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्या पाहून सुतारांनी त्याला सुताराची झोपडी म्हटले आणि आतल्या बुद्धात विश्वकर्मा पाहिला. बुटक्यांच्या बाबतीतही असे दोन पाठ आहेत. मेल्यावर बुटके ज्या दगडमातीतून घडले तिच्यातच परत जातात, असे एल्व्ह पूर्वी मानीत. बुटक्यांचे स्वतःचे मत वेगळे आहे. औलेला ते महल म्हणतात. मृत्यूनंतर तो आपल्याला वेगळ्या दालनांत गोळा करतो, आणि जगाच्या अखेरच्या युद्धानंतर मोडलेले पुन्हा उभारण्याच्या कामात त्याला आपली मदत लागणार आहे, असे ते सांगतात.